ओट्यावरची मनी, सोफ्यावरचा मोती

कोळंबी साफ करून ताटलीत ठेवावी, फोन वाजला म्हणून दोन मिनिटं बाहेरच्या खोलीत जावं, आणि परत येईपर्यंत मनी ओट्यावर. ओरडलं की उतरते, कोपऱ्यात बसून पंजा चाटते, आणि पाठ वळली की पुन्हा वर. मोतीची तऱ्हा वेगळी. आपल्यासमोर तो सोफ्याकडे बघतसुद्धा नाही. पण बाहेरून आल्यावर सोफ्याच्या गादीवर सहज हात ठेवावा तर ती कोमट लागते, आणि मोती दारात शेपूट हलवत उभा असतो. इतका ओरडा खाऊनही ही मंडळी सुधारत का नाहीत, हा प्रश्न मांजर-कुत्रा पाळणाऱ्या घरोघरी पडतो. शेवटी ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ असं म्हणून विषय मिटवला जातो.

खरं तर दोघंही शिकलेली असतात, आणि पक्कं शिकलेली असतात. मनी शिकली आहे की ओट्यावर अधूनमधून काहीतरी हाताला लागतं. मोती शिकला आहे की माणूस घरात असताना सोफा धोक्याचा आणि माणूस नसताना मऊ. ‘तिथे चढायचं नाही’ हा आपला नियम मात्र दोघांपर्यंत पोचलेलाच नाही. तो पोचवायचा तर जनावर कसं शिकतं हे आधी समजून घ्यायला हवं.

वर आहे तरी काय?

मांजराला ओट्यावर बोलावणाऱ्या गोष्टी तीन-चार आहेत, आणि खाणं ही त्यातली एकच. पहिली गोष्ट उंची. पाळीव मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज. हा प्राणी स्वतः शिकारी, पण आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या जनावरांची शिकारही. अशा प्राण्याला उंचावरून सगळीकडे नजर ठेवता आली की सुरक्षित वाटतं. घरात रांगतं मूल असेल, कुत्रा असेल, पाहुण्यांची वर्दळ असेल, तर उंच जागेची ओढ आणखी वाढते. पावणेतीन फुटांचा ओटा तर धडधाकट मांजर एका उडीत गाठतं.

दुसरी गोष्ट ऊब. शरीराचं तापमान टिकवायला जादा शक्ती खर्च करावी लागत नाही, असा हवेचा एक सुखाचा पट्टा प्रत्येक प्राण्याला असतो. मांजरासाठी तो साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपण पंखा लावतो तेव्हा मांजर नुकतं कुठे सुखावलेलं असतं. डिसेंबरातल्या पुण्या-नाशिकच्या थंडीत ते फ्रिजच्या डोक्यावर, सेट टॉप बॉक्सवर किंवा नुकत्याच बंद केलेल्या शेगडीजवळ का सापडतं, याचं उत्तर इथे आहे. तिसरी गोष्ट पाणी. बऱ्याच मांजरांना वाटीतल्या साठलेल्या पाण्यापेक्षा सिंकच्या नळाची ठिबकणारी धार आवडते.

कुत्र्याचं गणित सोपं आहे. त्याला सोफा हवा असतो कारण आपल्याकडची फरशी कडक आणि थंड असते, सोफा मऊ असतो, आणि त्याच्या लाडक्या माणसांचा वास सगळ्या घरात सर्वांत दाट तिथेच येतो. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर ही चैन नसून गरज असते. ओट्याकडे तो झेपावतो तो मात्र निव्वळ खाण्यासाठी. मागच्या पायांवर उभं राहिलं की नाक ओट्याच्या कडेला पोचतं, आणि तिथे कधीतरी पोळी असते.

पेटीतलं मांजर आणि शनिवारच्या गोळ्या

1898 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण संशोधकाने मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. तो भुकेल्या मांजराला फळ्यांच्या पेटीत बंद करायचा आणि खाणं बाहेर ठेवायचा. आतली दोरी ओढली किंवा खिट्टी दाबली की दार उघडायचं. सुरुवातीला मांजर ओरबाडायचं, चावायचं, फटीतून पंजा बाहेर घालायचं. या धडपडीत कधीतरी योगायोगाने खिट्टी दाबली जायची. त्याच पेटीत पुन्हा पुन्हा ठेवल्यावर निरुपयोगी धडपड गळत गेली आणि सुटकेला लागणारा वेळ थोडा थोडा कमी होत गेला. मांजराला युक्ती एकदम ‘सुचली’ असं झालं नाही. ज्या कृतीनंतर चांगलं काही घडलं ती पक्की होत गेली आणि बाकीच्या मागे पडल्या. थॉर्नडाइकचा हा ‘परिणामाचा नियम’ आजच्या प्राणी-प्रशिक्षणाचा पाया आहे.

पुढचा धागा मिळाला तो उंदरांकडून. 1930च्या दशकात बी. एफ. स्किनर हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ उंदरांना दांडी दाबायला शिकवत होता. दर वेळी दांडी दाबली की खाण्याची एक गोळी. या गोळ्या तो स्वतःच तयार करायचा. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं, की साठा सोमवारी सकाळीच संपून जाईल. सुट्टीची दुपार गोळ्या वळण्यात घालवण्यापेक्षा त्याने ठरवलं, की दर वेळी गोळी द्यायची नाही, मिनिटाला फार तर एक द्यायची. उंदीर कंटाळून दांडी सोडतील अशी भीती होती, पण ते दाबत राहिले. पुढच्या प्रयोगांमधून दिसलं, की प्रत्येक वेळी बक्षीस मिळण्याची सवय असलेला प्राणी बक्षीस थांबलं की लवकर प्रयत्न सोडतो. अधूनमधून, बेभरवशाने मिळण्याची सवय असलेला प्राणी मात्र ते थांबल्यावरही कितीतरी वेळ चिकटून राहतो.

खाडीच्या काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला बघा. तासभर मासा लागला नाही म्हणून तो उठून जात नाही. उलट ‘आता लागेल’ म्हणून बसून राहतो, कारण मासा कधीतरी लागतो हे त्याने अनुभवलेलं असतं. मनी ओट्यावर हाच गळ टाकून बसलेली असते. दहा उड्यांपैकी नऊ फुकट गेल्या तरी चालतं. दहाव्या उडीला दुधाच्या पातेल्याच्या काठावरची साय मिळाली, की पुढच्या कित्येक उड्यांची बेगमी झाली. ‘शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं’ असं आपण म्हणतो. शिंकं एकदाच तुटलेलं असतं, बोका मात्र त्यानंतर रोज खाली येऊन बसतो.

‘एकदाच दिलं, त्याने काय होतंय?’ हे वाक्य त्यामुळेच महागात पडतं. आईने सहा दिवस नियम पाळला आणि रविवारी आजोबांनी सुरमईचा तुकडा ओट्यावरच भरवला, तर शिकवण फक्त अर्धवट राहते असं नाही. हट्ट आधीपेक्षा चिवट होतो.

ओरडलं, मारलं तर?

शिक्षा अजिबात परिणाम करत नाही असं नाही. तिच्यातून जनावर भलतंच काहीतरी शिकतं, ही खरी अडचण आहे. जनावराच्या दृष्टीने कृती आणि परिणाम यांच्यात एक-दोन सेकंदांचं अंतर चालतं, त्याहून जास्त नाही. मनीने कोळंबी खाल्ली, उडी मारून खाली आली, तुमच्याकडे चालत आली आणि मग तुम्ही फटका दिलात, तर फटका जोडला जातो तो तुमच्याकडे येण्याशी. कोळंबीचं बक्षीस तर आधीच पोटात गेलेलं असतं.

दुसरं, शिक्षा करणारा माणूस समोर असावा लागतो. म्हणून जनावर ओट्याची नव्हे, माणसाची धास्ती घेतं आणि माणूस नसलेली वेळ हेरायला शिकतं. सोफ्यावरचा कोमट खळगा हा याच शिकवणीचा पुरावा. पाण्याचा फवारा मारणाऱ्यांच्या घरातली मांजरं बाटली हातात घेतली की पळतात आणि बाटली ठेवली की परत येतात. भित्र्या मांजरात सततच्या ताणाने आणखीही गुंतागुंत होते: लपून बसणं, मातीच्या ट्रेबाहेर शू करणं, काहींना मूत्राशयाचा त्रास होणं. शिवाय पाळीव जनावराला मारहाण हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

‘पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा अपराधी झालाय!’ असं मोतीच्या बाजूने किंवा विरुद्ध हमखास सांगितलं जातं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हीच गोष्ट तपासली. 14 कुत्र्यांच्या मालकांनी खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं. मग काही वेळा कुत्र्याला खाऊ दिला जाई, काही वेळा नाही. परत आल्यावर मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जाई, आणि त्याप्रमाणे तो कुत्र्याला रागवे किंवा शाबासकी देई. कान मागे, नजर खाली, शेपूट आत असा तो ‘अपराधी चेहरा’ खाऊ खाल्ल्यावर नव्हे, तर मालक रागावल्यावर दिसला. काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांतही तो दिसला. म्हणजे तो चेहरा चुकीची कबुली नसतो, तुमच्या रागाला दिलेलं उत्तर असतं.

सोफ्यावर बसला म्हणजे डोक्यावर बसला?

कुत्र्याला सोफ्यावर बसू दिलं की तो स्वतःला घराचा पुढारी समजू लागतो, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. या समजुतीचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांमधली भांडणं नोंदवली, आणि त्यातून कळपाच्या ‘अल्फा’ म्हणजे वरचढ लांडग्याची कल्पना रुजली. डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. पण पुढे मेक यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे अभ्यास केला आणि 1999 साली मांडलं, की निसर्गातला कळप हे बहुधा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. पुढारीपण लढून मिळवलेलं नसतं, आईबापपणातून आलेलं असतं.

तेव्हा मोती सोफ्यावर बसला तर त्याला सत्ता नको असते, गादी हवी असते. त्याला तिथे बसू द्यायचं की नाही हा प्रश्न केसांचा, स्वच्छतेचा आणि तुमच्या आवडीचा आहे. अपवाद एकच: सोफ्यावरून उतरवताना कुत्रा गुरगुरत असेल किंवा दात दाखवत असेल, तर ओढाताण न करता पशुवैद्य किंवा वर्तनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. गुरगुरण्यामागे बऱ्याचदा दुखणं किंवा भीती असते.

पहिलं काम: ओट्यावरची कमाई बंद

जुन्या घरांत दूध-लोणी शिंक्यावर टांगत, मासे जाळीच्या कपाटात ठेवत. मांजराला कुणी शिकवत बसत नसे, तरी नुकसान टळत असे. शिकवणीची सुरुवातही इथूनच होते. अन्न झाकलेलं किंवा फ्रिजमध्ये. कचऱ्याचा डबा घट्ट झाकणाचा आणि शक्यतो दाराआड. सिंकमधली खरकटी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत, निदान विसळून ठेवायची. स्वयंपाक आटोपला की ओटा पुसून कोरडा. मासळी हाताळल्यावर साबणाचं पाणी हवंच. आपल्याला वास गेला असं वाटतं तेव्हाही तो मांजर-कुत्र्याच्या नाकासाठी ताजाच असतो. ठिबकणारा नळ दुरुस्त करून घ्यावा आणि पाण्याची वाटी जेवणापासून थोडी दूर, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून बघावी.

ओट्याची स्वच्छता राखण्यामागे सुरक्षेचं कारणही आहे. कांदा-लसूण मांजर आणि कुत्रा दोघांच्याही तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत, म्हणून दिवाळीच्या दिवसांत विशेष जपावं. मांजराच्या यकृतात काही रसायनांचा निचरा करणारी यंत्रणा दुबळी असते. त्यामुळे पॅरासिटॅमॉलची एखादी गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणं धोक्याचं ठरतं. मांजर दूर राहावं म्हणून संत्र्या-लिंबाचे तीव्र तेलअर्क शिंपडण्याचा सल्लाही या कारणाने टाळावा.

ट्रेमधले पंजे ओट्यावर येतात, म्हणून टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने गर्भवतीच्या घरातून मांजर घालवून देण्याची उदाहरणं दिसतात. या जंतूची मांजराच्या विष्ठेतली अंडपेशी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ केला, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि ओटा पुसून घेतला, तर धोका बराच आटोक्यात राहतो.

दुसरं काम: हक्काची जागा

मांजराकडून उंची काढून घ्यायची आणि बदल्यात काहीच द्यायचं नाही, हा सौदा टिकत नाही. खिडकीशेजारी भिंतीत ठोकलेली फळी, पुस्तकांच्या कपाटाचा मोकळा केलेला वरचा कप्पा, मजबूत स्टुलावर जुन्या शालीची घडी, यातलं काहीही चालतं. जागा ओट्याएवढी किंवा त्याहून उंच हवी, हलणारी नको, आणि स्वयंपाकघर दिसेल अशी असली तर उत्तम. तुम्ही काय करताय ते बघायला मांजर वर येत असेल तर त्याची सोय झाली. हिवाळ्यात तिथे लोकरीचं काही अंथरावं. सुरुवातीला खाऊ, खेळणं आणि लाड तिथेच मिळावेत.

मोतीसाठी सोफ्याशेजारी जाड गादी, जुन्या चादरीची खोळ घातलेली. गादी बाल्कनीत टाकून उपयोग नाही. माणसं बसतात तिथे ती हवी.

या काळात ओट्याच्या कडेला काही दिवस दुहेरी चिकटपट्टी किंवा ॲल्युमिनियम फॉइल लावता येतं. बऱ्याच मांजरांना पंजाखालचा तो स्पर्श नकोसा होतो, आणि तुम्ही घरात नसतानाही तो तिथे असतो. विजेचा झटका देणाऱ्या चटया मात्र घेऊ नयेत. त्यांनी भीती शिकवली जाते, आणि भ्यालेलं मांजर अख्खं स्वयंपाकघर टाळू लागतं किंवा दुसरीकडे बिघडतं.

तिसरं काम: ‘जागेवर’

आता खरी शिकवणी. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पण आवडीचा: उकडलेल्या चिकनचा कण, पनीर, सुक्या जवळ्याची चिमूट. वेळ जेवणाआधीची, तीन-चार मिनिटं पुरे. गादीकडे खाऊचा हात नेला की मोती मागे येतो. चारही पाय गादीवर पडले की त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. काही वेळा असं झालं की रिकामा हात दाखवायचा. तो आपणहून जायला लागला, की जाण्याच्या क्षणी ‘जागेवर’ हा शब्द जोडायचा. शब्द आधी शिकवायचा नाही. कृती आधी, शब्द नंतर.

मग वाढवायचं, पण एका वेळी एकच. आधी वेळ: दोन सेकंद, पाच, दहा. मग अंतर: तुम्ही एक पाऊल लांब, दोन पावलं, दाराबाहेर. मग मोह: ओट्यावर रिकामी ताटली, पुढे पोळी, शेवटी मासळी. तिन्ही एकदम वाढवलं की गाडं अडतं. चुकला तर रागवायचं नाही, एक पायरी खाली यायचं.

मांजरही असंच शिकतं. सराव मात्र आणखी छोटा हवा. उडीआधीचा क्षण ओळखता आला की अर्धं काम होतं. मनी ओट्याच्या कडेकडे वर बघते, कान पुढे येतात, मागचा भाग किंचित खाली जाऊन डावी-उजवीकडे हलतो. या क्षणी ‘मनी, जागेवर’ म्हणून फळीवर खाऊ ठेवावा. ती उडी फळीवर पडते.

इथे एक खाच आहे. चढलेल्या मनीला ‘उतर’ म्हणून लगेच खाऊ दिला, तर ती चढ-उतर हा एकच डाव म्हणून शिकते: आधी वर चढायचं, म्हणजे उतरल्याचा खाऊ मिळतो. म्हणून चढलीच तर न बोलता, न कुरवाळता उचलून खाली ठेवावी, आणि ती फळीवर किंवा जमिनीवर थोडा वेळ स्वस्थ बसल्यावरच खाऊ द्यावा. खाली असण्याला जास्त मोल, उतरण्याला कमी.

सवय पक्की झाली की स्किनरची शनिवारची युक्ती आपल्या बाजूने वापरायची. दर वेळी खाऊ न देता कधी खाऊ, कधी कौतुक, कधी खेळ. ज्या बेभरवशामुळे ओट्याचं वेड चिवट झालं होतं, तोच आता ‘जागेवर’ची सवय चिवट करतो.

आधी बिघडेल, मग सुधारेल

ओट्यावरची कमाई बंद झाल्यावर पहिले काही दिवस मनी जास्त चढेल, जास्त म्याव करेल, झाकण पंजाने ढकलून बघेल. मोती सोफ्याशी उभा राहून कुरकुरेल. आजवर उपयोगी पडलेली युक्ती चालेनाशी झाली की प्राणी ती सोडण्याआधी जोर लावून बघतो. हा जोर ओसरतो. पण नेमका याच दिवसांत कुणी विरघळलं, तर जनावर शिकतं की हट्ट पुरेसा मोठा केला की काम होतं.

एरवी शहाण्या असलेल्या जनावराने अचानक ओट्यावरच्या अन्नावर तुटून पडायला सुरुवात केली, तर शिकवणीआधी पशुवैद्य गाठावा. मधुमेह, जंत, आणि वयस्क मांजरांत थायरॉईडचा विकार यांनीही भूक भडकते.

गोधडीचा नियम

कित्येकांना कुत्रा सोफ्यावर हवा असतो, पण नेहमी नाही. पाहुणे आले की नको, पावसात चिखलाचे पाय घेऊन तर नकोच. ‘पाहुणे’ आणि ‘चिखल’ हे नियम कुत्र्याला कळत नाहीत. त्याला दिसणारी खूण मात्र कळते. सोफ्याच्या एका टोकाला एक ठरावीक गोधडी अंथरली की ‘ये’ म्हणून वर बोलवायचं. गोधडी नसेल तेव्हा सोफा बंद, गादी चालू. खूण आणि परिणाम यांची जोडी कधीच मोडली नाही, तर कुत्रे हा भेद चांगला पाळतात. ओट्यासाठी मात्र अशी सवलत ठेवू नये. तिथे शेगडी, सुरी आणि अन्न असतं, म्हणून नियम कायमचा आणि सरसकट.

चौकट: थोडक्यात

- जनावर नियमाकडे नव्हे, परिणामाकडे बघतं. कृतीनंतर एक-दोन सेकंदांत जे घडतं ते शिकतं.
- अधूनमधून मिळालेला खाऊ दर वेळी मिळणाऱ्या खाऊपेक्षा चिवट सवय लावतो.
- ओटा रिकामा, कोरडा, वासरहित, अन्न झाकलेलं.
- मांजराला उंच फळी, कुत्र्याला माणसांजवळ गादी.
- ‘जागेवर’: आधी कृती, मग शब्द, वेळ, अंतर, मोह एकेक करून वाढवा.
- वर चढल्यावर खाऊ नाही. खाली स्वस्थ बसल्यावर खाऊ.
- मारणं, फवारा, विजेची चटई नको.
- पहिले काही दिवस हट्ट वाढेल, तेव्हा विरघळू नका.

घरातल्या माणसांची शिकवणी

या सगळ्यात जनावराला शिकवणं त्यामानाने सोपं असतं. अवघड असतं ते घरातल्या माणसांना एका शब्दावर आणणं. आई ‘उतर’ म्हणते, बाबा ‘हट’ म्हणतात, मुलगी ‘डाउन’ म्हणते आणि आजी काहीच न बोलता साय पुढे करते. अशा घरात मनी गोंधळलेली असेल तर दोष तिचा नाही. म्हणून आजच रात्री जेवायला बसाल तेव्हा तीन गोष्टी ठरवून टाका: शब्द कोणता, खाऊ कुठे मिळणार, आणि ओट्यावर कुणीही, कधीही, काहीही भरवायचं नाही. ते कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. आजोबांना आणि स्वयंपाकाच्या मावशींनाही सांगायला विसरू नका.